गॅस फायरप्लेस पेटते आणि थोड्या वेळाने आपोआप विझते? पार्ट बदलण्याआधी हे बघा

थंडी सुरू झाली की ही तक्रार हमखास ऐकू येते. फायरप्लेस पेटते, पंधरा-वीस मिनिटं मस्त चालते आणि मग आपोआप विझते, परत पेटवली की पेटते, परत विझते, मग घरातलं कुणीतरी म्हणतं थर्मोकपल (ज्योत ओळखणारी बारीक कांडी) गेला असेल, तो बदलून होतो, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण पुष्कळदा त्या थर्मोकपलचा काहीच दोष नसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो, पैसे जातात आणि थंडीत कुडकुडणं काही सुटत नाही.

म्हणून पार्ट मागवायच्या आधी फक्त दोन गोष्टी नीट बघा. पेटवल्यापासून किती वेळाने विझते, आणि विझल्यावर खालचा छोटा पायलट, म्हणजे मोठी आग पेटवणारी लहान ज्योत, जळत राहतो की तोही जातो. टॉर्च घेऊन खाली वाकून शोभेच्या लाकडांच्या मागे बघितलं की पायलटची निळी ज्योत दिसते किंवा दिसत नाही, एवढंच बघायचं आहे. या दोन उत्तरांवरून निम्म्याहून जास्त शक्यता तिथल्या तिथे बाद होतात, आणि हे बघायला कुठलंही हत्यार लागत नाही.

त्याआधी एक अट. गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीही करत बसू नका. नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, त्याला स्वतःचा वास नसतो, जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त रसायनाचा. तो आला की दिव्याचं बटण, पंखा, लायटर कशालाही हात लावायचा नाही, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि फोन बाहेर जाऊनच करायचा. आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर फायरप्लेस दुरुस्त करण्याआधी तो लावा, कारण मोनॉक्साइडला वास नसतो आणि डोकं दुखायला लागेपर्यंत काही कळत नाही.

आता आत काय चालतं ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय पुढचं डोक्यात बसणार नाही. जुन्या आणि बऱ्याचशा साध्या फायरप्लेसमध्ये पायलट कायम पेटता असतो. त्या पायलटच्या ज्योतीत दोन कांड्या उभ्या असतात, बारीक ती थर्मोकपल आणि जाड ती थर्मोपाइल. दोन वेगळ्या धातूंचा जोड तापवला की वीज तयार होते, हे थॉमस सीबेकने 1821 मध्ये पाहिलं होतं आणि आपली फायरप्लेस आजही त्याच्यावर चालते. थर्मोकपल फक्त 25-30 मिलिव्होल्ट देतो, पण तेवढ्यावर व्हॉल्व्हमधलं छोटं इलेक्ट्रोमॅग्नेट धरून ठेवलं जातं आणि पायलटचा गॅस चालू राहतो. पायलट विझला, कांडी थंड झाली, मॅग्नेट सुटलं, गॅस बंद. म्हणजे ही सुरक्षेची सोय आहे, ती तुम्हाला त्रास द्यायला विझत नाही, काहीतरी बिघडलंय म्हणून विझते. थर्मोपाइल म्हणजे असे पुष्कळ जोड एकापुढे एक लावलेले, त्याच्यावर साधारण 500 मिलिव्होल्टच्या आसपास मिळतात आणि मोठ्या बर्नरचा व्हॉल्व्ह तो उघडतो. घरची वीज यात कुठेच नाही, म्हणून लाईट गेली तरी असली फायरप्लेस पेटते.

थोडक्यात, पायलट सांभाळतो थर्मोकपल आणि बर्नर सांभाळतो थर्मोपाइल. काही मॉडेलमध्ये दोन्ही कामं एकटा थर्मोपाइल करतो, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

आता प्रकार बघू. नॉब दाबून धरला की पायलट पेटतो आणि सोडला की लगेच जातो, हा सगळ्यात सोपा प्रकार. आधी बघा की पुरेसा वेळ दाबून धरताय का, 30 सेकंद ते 1 मिनिट धरावा लागतो, कांडी तापायला वेळ लागतो. उन्हाळाभर गॅस बंद होता तर पाइपमध्ये हवा भरलेली असते, मग पायलट पेटायलाच वेळ लागतो, तिथे धीर धरायचा, आणि एकदा नाही पेटला तर 5 मिनिटं थांबून साचलेला गॅस जाऊ द्यायचा आणि मगच परत प्रयत्न करायचा. इतकं करूनही सोडल्यावर जात असेल तर ज्योत बघा. चांगल्या पायलटची ज्योत निळी आणि ठाम असते, आणि थर्मोकपलच्या टोकाचा वरचा साधारण 1 सेंटीमीटर भाग तिच्यात बुडालेला असतो. ज्योत पिवळट, मऊ, वर-वर भरकटणारी असेल, कांडीला नुसती चाटून जात असेल, तर थर्मोकपल बदलून शून्य फायदा, नव्या कांडीलाही तीच मरतुकडी ज्योत मिळणार आहे. पायलटच्या तोंडाशी हवा घ्यायचं एक बारीक भोक असतं, त्यात धूळ, केस, आणि विशेषतः कोळ्याचं जाळं अडकतं. कोळी गॅस बंद असलेल्या महिन्यांत तिथे आरामात घर करतो, जाळं इतकं पातळ असतं की बघून दिसत पण नाही, पण ज्योत पिवळी पडायला तेवढं पुरतं. गॅस बंद करून, सगळं पूर्ण थंड झाल्यावर, डब्यातल्या दाबाच्या हवेने फुंकून घ्या. भोकात सुई किंवा तार घालू नका, भोक एकदा मोठं झालं की गॅसचं माप कायमचं बिघडलं.

ज्योत ठाम आहे तरी पायलट टिकत नाही, तेव्हा खरोखर थर्मोकपलचा संशय घ्या. व्हॉल्व्हच्या मागे त्याचा नट असतो, तो ढिला असेल तर एवढीशी वीज वाटेतच मरते. हाताने घट्ट करायचा आणि वर पान्याने फक्त पाव फेरा, जोर लावलात तर आतलं टोक चिरडतं.

दुसरा प्रकार, पायलट व्यवस्थित जळतोय पण स्विच लावला तरी बर्नर पेटतच नाही किंवा कधी पेटतो कधी नाही. इथे पहिला संशय भिंतीवरच्या स्विचचा आणि तारेचा. अर्ध्या व्होल्टवर चालणारी गोष्ट आहे, स्विचच्या आतल्या पत्र्यावर जरासा गंज आला किंवा तार फार लांब आणि बारीक असली तरी वीज पोचत नाही. तपासायला सोपं आहे, व्हॉल्व्हवर टीएच आणि टीएच-टीपी अशी खूण केलेले दोन स्क्रू असतात, स्विचच्या तारा काढून त्या दोन स्क्रूंमध्ये छोटी तार जोडायची. बर्नर पटकन पेटला तर व्हॉल्व्ह आणि थर्मोपाइल ठीक आहेत आणि भानगड भिंतीत आहे. पण एक गोष्ट जीव तोडून सांगतो, त्या स्विचच्या तारांना घरची वीज कधीही जोडू नका, नवा इलेक्ट्रिशियन आला तर त्यालाही आधीच सांगा, व्हॉल्व्ह जळतोच आणि धोका वेगळा. रिमोट असेल तर रिसीव्हरची बॅटरी बदला आणि रिमोट थर्मोस्टॅट मोडवर तर नाही ना ते बघा. खोली ठरलेल्या तापमानाला आली की तो बर्नर बंद करणारच, त्याला बिघाड म्हणत नाहीत, आणि "थोड्या वेळाने विझते" म्हणून येणाऱ्या तक्रारींमध्ये हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

तिसरा, बर्नर भडकला की दोन-चार सेकंदांत पायलटसकट सगळं गार. म्हणजे बर्नर उघडताच गॅसचा दाब पडतोय, किंवा बर्नरच्या ज्वाळा पायलटची ज्योत कांडीपासून ओढून नेतायत. नैसर्गिक गॅसचा दाब व्हॉल्व्हच्या आत येताना साधारण 5 ते 7 इंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो आणि बर्नरला मिळतो तो 3.5 इंच, म्हणजे मुळात फार नाजूक दाब आहे. घरातला गीझर किंवा हीटिंगची भट्टी चालू होते त्याच क्षणी फायरप्लेस विझते का, हे मुद्दाम बघा. तसं असेल तर फायरप्लेसला हात लावायची गरजच नाही, पाइपचा व्यास, रेग्युलेटर किंवा मीटर याचं बघावं लागतं आणि ते गॅसवाल्यांचं काम आहे, आपलं नाही. आणि फायरप्लेस नैसर्गिक गॅसची आहे की एलपीजीची हेही एकदा पाटीवर वाचून घ्या, दोन्हींचं भोक आणि दाब वेगळा, एकाची दुसऱ्यावर चालवली तर सुरक्षित राहत नाही.

आता मुख्य दुखणं, पंधरा-वीस मिनिटांनी विझणारी फायरप्लेस. यात सगळ्यात जास्त चुकीचे पार्ट बदलले जातात, म्हणून जरा सावकाश वाचा.

बर्नर विझला पण पायलट जळत राहिला, तर थर्मोपाइलकडे या. थर्मोपाइल किती वीज देणार हे ठरतं त्याचं एक टोक गरम आणि दुसरं थंड किती आहे यावर, नुसत्या गरमीवर नाही. पेटवल्या पेटवल्या फरक भरपूर असतो म्हणून वीज भरपूर मिळते, मग सगळी पेटीच तापते, खालचं थंड टोकही तापतं, फरक कमी होतो आणि वीज उतरत जाते. तांब्याची तार तापली की तिचा विरोध वाढतो ते वेगळंच. नव्या थर्मोपाइलला ही घट सहन होते कारण हातात शिल्लक असते, जुना झालेला मात्र काठावर चालत असतो आणि इतक्या घटीतच व्हॉल्व्ह सोडून देतो. याची एक पक्की खूण आहे, स्विच तुम्ही बंद केला नाही आणि पेटी थोडी निवली की बर्नर आपोआप परत पेटतो. हे दिसलं की मल्टीमीटर काढा.

मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून टीपी आणि टीएच-टीपी या दोन स्क्रूंवर लावा. नुसता पायलट पाच-दहा मिनिटं जळू द्या आणि आकडा लिहा, 325 च्या खाली असेल तर आधी ज्योत साफ करा आणि परत मोजा, ज्योत सुधारूनही आकडा वर येत नसेल तर थर्मोपाइल म्हातारा झालाय. मग बर्नर लावा, आकडा एकदम पडेल, जवळजवळ निम्म्यावरही येईल, त्याला घाबरू नका, व्हॉल्व्ह वीज खातोय म्हणून तो पडतो. बघायचं ते पुढे, तो तिथे टिकतो की मिनिटागणिक खाली सरकत जातो. मावशीकडे अशी फायरप्लेस होती, पायलटवर 480 दिसायचे म्हणून सगळे म्हणत थर्मोपाइल ठणठणीत आहे, पण बर्नर लावून मीटर तसाच जोडून ठेवला तेव्हा 210, 190, 160 असा आकडा डोळ्यांदेखत उतरत गेला आणि 130 च्या आसपास व्हॉल्व्हने टक्क आवाज करून सोडलं. थंड असताना एकदा मोजून निकाल देऊ नये तो यासाठी.

आणि विझताना पायलटही गेला, तर गोष्ट हवेची आहे. बहुतेक नव्या फायरप्लेस डायरेक्ट व्हेंट असतात, एका नळीत दुसरी नळी, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो आणि बाहेरच्या नळीतून जळायला लागणारी हवा आत येते, समोरची काच पूर्ण सील असते. एक भाग मिथेन जळायला जवळजवळ दहा भाग हवा लागते, तेव्हा ही हवा शुद्ध येणं हाच सगळा खेळ आहे. आतल्या नळीचा जोड निसटला किंवा बाहेरच्या टोपीवर बर्फ, पाला, घरटं बसलं की जळून गेलेला वायूच परत जळायला आत येतो. तेव्हा ज्वाळा कशा दिसतात ते लक्ष देऊन बघा. सुरुवातीला बुडाशी निळ्या आणि वर पिवळ्या, नीट चिकटून जळणाऱ्या ज्वाळा हळूहळू लांब होतात, सुस्त होतात, डोलायला लागतात, मग बर्नरपासून सुटून वर तरंगतात, काहीतरी शोधत असल्यासारख्या पेटीभर फिरतात, आणि दोन-तीन मिनिटांत सगळं एकदम विझतं. हे पाहिलं असेल तर नवा थर्मोकपल नको, ऑक्सिजन हवाय. काचेचं गॅस्केट (कडेची सीलची पट्टी) चपटं झालंय का, क्लिप सगळ्या बसल्यात का, बाहेरची टोपी मोकळी आहे का, एवढं तुम्ही बघू शकता. नळीचा आतला जोड टेक्निशियनने बघायचा. काच नीट बसलेली नसताना बर्नर पेटवून "बघू तरी" असं अजिबात करायचं नाही.

जुन्या धुराड्यावर चालणारी, खोलीतलीच हवा घेणारी फायरप्लेस असेल तर तिच्यात धूर परत खोलीत येतोय का हे ओळखणारा एक तापमानाचा स्विच असतो. धुराडं ओढत नसेल तर काही मिनिटांत तो गरम होतो आणि गॅस बंद करतो. स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट पंखा चालू असताना हे होतं का ते बघा, पंखा घरातली हवा बाहेर फेकतो आणि धुराड्यातून हवा उलटी खाली येते. लोक तो स्विच "खराब" म्हणून बायपास करतात, कृपा करून हे करू नका, तो तुमच्या घरच्यांचा जीव सांभाळतोय. तसंच धुराडंच नसलेल्या फायरप्लेसचं, तिच्या पायलटमध्ये ऑक्सिजन ओळखायची सोय असते. हवेत नेहमी जवळपास 21 टक्के ऑक्सिजन असतो, तो 18 च्या आसपास उतरला की ज्योत कांडीवरून सरकते आणि सगळं बंद होतं. बंद खोलीत तासभर चालवून ती विझली तर ती बिघडलेली नाही, खोलीची हवा बिघडली आहे. खिडकी उघडा.

फक्त वाऱ्याच्या दिवशीच विझत असेल तर टोपीची जागा आणि प्रकार बघायला लागतो, जोराच्या वाऱ्यासाठी वेगळ्या टोप्या मिळतात. फक्त कडाक्याच्या थंडीत पहिल्यांदा पेटवताना जात असेल तर नळीत थंड हवेचा जड स्तंभ बसलेला असतो, पायलट आधी अर्धा तास जळू द्या, नळी कोमट झाली की मग बर्नर लावा.

नव्या फायरप्लेसमध्ये कायम जळणारा पायलट नसतो, स्विच लावला की टिकटिक करत ठिणगी पडते, पायलट पेटतो आणि मग बर्नर. यात थर्मोकपल नाहीच, म्हणून तो मागवू नका. यात ज्योत ओळखणारी एक धातूची कांडी असते, ज्योतीतून जाणारा अगदी सूक्ष्म, मायक्रोअँपमध्ये मोजायचा करंट बोर्ड बघत असतो. कांडीवर पांढरा थर बसला की करंट अडतो आणि बोर्डाला वाटतं ज्योत नाही, मग पेटलेली फायरप्लेस काही सेकंदांत बंद. बारीक स्टीलवूलने कांडी हलकेच पुसली की बहुतेक वेळा भागतं. नाही भागलं तर अर्थिंगची तार आणि बॅटऱ्या बघा, आणि थंडीसाठी पायलट कायम चालू ठेवायचा स्विच असेल तर तो शोधा.

काचेबद्दल दोन शब्द. पेटवल्यावर पहिली काही मिनिटं काचेवर वाफ धरते, तो बिघाड नाही, 1 किलो मिथेन जळलं की सव्वादोन किलो पाणी तयार होतं, काच तापली की ते जातं. पांढरा धुरकट थर वर्षातून एकदा-दोनदा फायरप्लेसच्या काचेच्या क्लीनरनेच पुसा, अमोनियावाल्या साध्या क्लीनरने नाही, आणि काच पूर्ण थंड असतानाच. काळी काजळी मात्र वेगळी, ती आली म्हणजे हवा कमी पडतेय किंवा लाकडं जागेवरून हललीत आणि ज्वाळा त्यांच्यावर आपटतायत. ही सिरॅमिकची लाकडं शोभेला कशीही रचायची नसतात, मॅन्युअलमधल्या चित्राप्रमाणेच ठेवायची, आणि निखाऱ्यासारखी दिसावी म्हणून दिलेली न जळणारी लोकर बर्नरच्या भोकांवर दाबून भरायची नाही. पायलटजवळची भोकं बुजली की गॅस आधी साचतो आणि मग भप्प करून पेटतो. असा भप्प आवाज एकदा जरी आला तरी बंद करा आणि तपासून होईपर्यंत पेटवू नका, काच फुटू शकते.

टेक्निशियनला बोलावलंत तर "विझते" एवढंच सांगू नका. किती मिनिटांनी विझते, पायलट राहतो का, ज्वाळा विझण्याआधी कशा दिसतात, वारा किंवा दुसरं गॅसचं उपकरण चालू होतं का, आणि मिलिव्होल्टचे लिहिलेले आकडे, हे सगळं एका कागदावर द्या, जमल्यास विझतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण तो येईल तेव्हा फायरप्लेस नेमकी शहाण्यासारखी चालेल. आणि तो बर्नर लावून पेटी पूर्ण तापेपर्यंत थांबणार नसेल, पाच मिनिटांत थर्मोकपल बदलून निघायला बघत असेल, तर आधी पायलटवर आणि बर्नरवर दोन्ही वेळा मोजायला सांगा, आतला आणि बर्नरचा गॅसचा दाब दाखवायला सांगा, आणि मगच पार्टला हो म्हणा.